डावीकडं कललेलं

कवटी रत्नागिरीहून आली एस.टी.च्या टपावरून,
युरियाच्या पोत्यात, आंबा घाट चढून.
मिरज स्टँडवर हमालानं विचारलं, "फणस का, बाई?"
हो म्हटलं. सोपं पडतं.

प्रयोगशाळेच्या ओट्यावर पोतं सोडलं,
तर गादा (डॉल्फिनला तिकडं असंच म्हणतात)
उजव्या खोबणीपासून चोचीपर्यंत तडकलेला.
तोवर आमच्याकडं होतं काय?
बरणीतला बेडूक, वटवाघळाचा एक पंख,
आणि निळ्या देवमाशाचा तक्ता,
शेपटीकडून वाळवीनं खाल्लेला.

सांधायला नेली दस्तगीरभाईंकडं.
छताला भोपळे टांगलेले, भुश्श्याचा वास,
सरसाची वाटी शेगडीवर.
त्यांनी कवटी मांडीवर घेतली, जसा तंबोरा घेतात,
नखानं टिचकी मारली,
एक डोळा मिटून टोकापासून टोकापर्यंत पाहिलं.
"बाई, ह्ये डावीकडं कललंय.
वाळताना फिरलं असंल. लाकूडबी फिरतं."

फिरलं नाही, म्हटलं. जन्मतःच असं.
आणि मग मी सांगतच सुटले, तास संपल्याची घंटा नसल्यागत:
नाकपुड्या कशा सरकत सरकत टाळूवर गेल्या,
नाकातच दोन ओठ, आवाज तिथं, गळ्यात नाही,
त्या आवाजापायी हाडं एका अंगाला झुकली.
अर्धा मेंदू निजतो, अर्धा राखण करतो.
गर्भात मागचे पाय उगवतात
आणि कुणी रागावल्यासारखे परत जिरतात.
समुद्रगाय गवत खाते, देवमासा दात टाकून चाळणी धरतो,
आणि सगळी पिलं दूध पितात, खाऱ्या पाण्यात, दूध.

त्यांनी एवढंच विचारलं,
"मग घुमतं कुठं?"

मी कपाळाच्या खोलगट जागेवर बोट ठेवलं.
इथं चरबीचा गोळा असतो. शास्त्रात त्याला खरबूज म्हणतात.
खरंच.
दस्तगीरभाई वर टांगलेल्या भोपळ्यांकडं बघून हसले.
"म्हंजे भावकीच की."
पण हे घुमवत नाही, मी म्हटलं, नेम धरतं.
"आन् ऐकतंय कशानं? कानाचं भोक तर दिसंना."
टाचणीएवढं असतं. ऐकतो खालच्या जबड्यानं.
तो मागं पोकळ असतो, आत चरबी,
पाण्यातला आवाज तिथून कानात शिरतो.

ते काही बोलले नाहीत.
कोपऱ्यातला अर्धवट तंबोरा ओढून घेतला,
हनुवटी भोपळ्यावर टेकवली,
खर्जाची तार छेडली
आणि जवारीचा दोरा केसभर सरकवला.
पुन्हा छेडली. पुन्हा सरकवला.
तार उघडली तेव्हा मलाही कळलं.

"उजवा कान गेला चार वरसं झाली," ते म्हणाले,
"डावाबी चालला. पोरांला म्हाईत न्हाई.
गिऱ्हाईकाला तर नकोच."

कवटी शनिवारी मिळाली.
सांधा कुठं आहे ते शोधावं लागतं.
पैसे घेतले नाहीत. म्हणाले, पोरांला दाखवा,
पण वाकडं हाय म्हणून कुणी सरळ करू नगा.

त्या संध्याकाळी कृष्णेच्या घाटावरून परतताना
म्हशी पाण्यात होत्या. फक्त नाकपुड्या वर,
शिंगं, आणि एक फुस्स.
खुरांची ही माणसं, मनात आलं,
त्यातली काही उतरली ती परत काठाला आलीच नाहीत.

सोमवारी मुलांनी विचारलं, जबड्यानं कसं ऐकायचं?
म्हटलं, टेका हनुवट्या बाकावर. कान बंद.
साठ डोकी खाली वाकली.
जंक्शनवरून मालगाडी निघाली होती, लांब,
कुणाच्या कानाला ती अजून पोचली नव्हती.
सुनेत्रा कांबळेनं सगळ्यांत आधी हात वर केला,
डोळे मिटलेलेच.